पडद्यामागच्या दुर्गाबाई

1988 साली घरोघरी एकच टीव्ही चॅनल होतं, दूरदर्शन. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागली की रस्ते ओस पडायचे. त्याच काळात एक अगदी साधीसुधी मालिका आली, 'वागले की दुनिया'. कुणी राजा नाही, राक्षस नाही, बाण नाहीत. एक सेल्स क्लार्क, त्याची बायको, दोन मुलं आणि महिनाअखेरची ओढाताण. अंजन श्रीवास्तव वागले झाले होते आणि भारती आचरेकर त्यांची राधिका. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतलं पात्र, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन. मी तेव्हा शाळेत होते. आम्ही सगळे मालिका बघायचो, पण पाट्या सरकताना निर्मात्याचं नाव कोण वाचतो? पाट्या म्हणजे आईला गॅस बारीक करून यायला मिळालेला वेळ!

ती मालिका काढली होती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सनं. 'मुगल-ए-आझम'मधली जोधाबाई, 'बॉबी'तली आजी म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्याच या दुर्गाबाई. मालिका आली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. अभिनेत्री म्हणून त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. पण जाहिरातपट, लघुपट, माहितीपट बनवणारी स्वतःची कंपनी या बाईंनी 1950 च्या दशकात उभी केली, ही गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. मैत्रिणींनो, मला आज त्या दुर्गाबाईंबद्दल सांगायचंय. पण तिथं पोचायला सुरुवातीपासूनच जावं लागेल, कारण पुढच्या सगळ्याची मुळं तिथंच आहेत.

14 जानेवारी 1905, ऐन संक्रांतीच्या दिवसांत त्यांचा जन्म झाला. माहेरचं आडनाव लाड. कुटुंब मूळचं गोव्याकडचं, पण मुंबईत स्थायिक झालेलं. वडील नावाजलेले सॉलिसिटर. गिरगावातल्या कांदेवाडीत मोठं एकत्र कुटुंब, माणसांचा राबता. शाळा कॅथेड्रल आणि पुढं सेंट झेवियर्स कॉलेज. त्या काळात मुलीला इंग्रजी शाळेत घालणं म्हणजे घरच्यांनी काळाच्या किती पुढं बघितलं असेल! हे मी मुद्दाम सांगतेय. दुर्गाबाई शून्यातून वर आल्या असं कुणी लिहिलं तर ते खरं नाही. त्यांच्याकडं शिक्षण होतं, भाषा होती, चांगल्या घराण्याचं नाव होतं. कॉलेजात असतानाच लग्न झालं आणि त्या खोट्यांच्या घरात आल्या. सासरही तालेवार. पती विश्वनाथ खोटे बनारसला शिकलेले इंजिनिअर. पदरी दोन मुलगे झाले, बकुल आणि हरीन. कुठल्याही आईनं लेकीसाठी असंच स्थळ मागावं.

पण दिवस फिरायला वेळ लागत नाही. सासरची आर्थिक घडी विस्कटली, होतं नव्हतं ते गेलं. पुढं ऐन तारुण्यात वैधव्यही आलं. ज्या बाईनं कधी बाजारात जाऊन भाजीचा भाव विचारला नसेल तिच्यासमोर प्रश्न उभा राहिला, दोन लेकरांना वाढवायचं कशावर? आपल्यातल्या किती तरी जणींना हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नाही, अंगावर आलेला आहे. बचत गटाच्या कामामुळं मी अशा बायका जवळून पाहते. पहिले चार-सहा महिने माहेर सांभाळतं, दीर-जावा विचारतात. नंतर प्रत्येकाला आपापला संसार असतो. कुणाच्या घरात कायमचं बसून खायचं नसेल तर आपलं आपल्याला काही तरी बघावंच लागतं.

दुर्गाबाईंच्या वाट्याला जे काम आलं ते सिनेमाचं होतं. आज मुलीला टीव्हीवर काम मिळालं तर आपण पेढे वाटतो. 1931 साली काय परिस्थिती होती हे समजायला थोडं मागं जाऊ. 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषानं साडी नेसून तारामती उभी केली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या मायलेकींनी काम करायचं धाडस केलं, तरी बायकांसाठी वाट काही मोकळी झाली नाही. पुढची अठरा वर्षं 'चांगल्या घरातल्या' बाईनं सिनेमात जाणं म्हणजे घराचं नाक कापणंच मानलं जायचं.

अशा वेळी मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल'मध्ये दुर्गाबाईंनी अगदी छोटं काम केलं. काम किती, तर दहा-एक मिनिटांचं. पण त्याची जाहिरात कशी झाली माहितीये? प्रसिद्ध सॉलिसिटर लाडांची कन्या आणि खोटे घराण्याची सून पडद्यावर येतेय, असा गाजावाजा करून! चित्रपट सुमार होता, त्याचं खापर मात्र या दोन घराण्यांच्या नावावर फुटलं. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. मला इथं एक गंमत वाटते आणि चीडही येते. पुढं ज्या बाईनं जाहिरातपटांची कंपनी काढली तिची स्वतःचीच पहिली जाहिरात तिच्या अभिनयाची नव्हती, बापाच्या आणि सासऱ्याच्या आडनावाची होती. माणूस विकायला काढला की काय होतं ते तिनं आधी स्वतः भोगलं होतं.

एखादी तिथंच थांबली असती. पण त्याच कामातून व्ही. शांताराम यांची नजर त्यांच्यावर पडली. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी तेव्हा पहिला मराठी बोलपट बनवत होती, 'अयोध्येचा राजा'. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई तारामती. एकदा तोंड पोळलेल्या बाईला पुन्हा त्याच चुलीजवळ जायचं होतं. त्या गेल्या. मुंबईची मोटारीतली सवय सोडून कोल्हापुरात राहिल्या. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, पडद्यावर जिनं गायचं तिनंच कॅमेऱ्यासमोर गायचं. शिवाय हाच चित्रपट हिंदीतही होत होता, म्हणजे एकच प्रसंग दोनदा, दोन भाषांत उभा करायचा. 6 फेब्रुवारी 1932 ला चित्रपट झळकला आणि कालपर्यंत नाकं मुरडणारेच तारामतीचं कौतुक करू लागले. एकोणीस वर्षांपूर्वी जी भूमिका करायला बाई मिळाली नव्हती तीच भूमिका आता कॉलेजात शिकलेली एक घरंदाज आई करत होती. त्यानंतर कितीतरी घरांची दारं किलकिली झाली.

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र' आला. त्यात त्या स्त्रीराज्याच्या राणी होत्या, जवळ पाळलेला चित्ता! तारामतीसारखी सोशिक सती आणि ही चित्तावाली राणी, दोन्ही एकाच वर्षात. 1936 साली 'अमरज्योती'त त्यांनी सौदामिनी केली. ही भूमिका मला फार आवडते. राज्याचा कायदा आईला स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारतो म्हणून ती बंड करते आणि समुद्रावर चाचेगिरी करणाऱ्यांची म्होरकी बनते. आज कोर्टात मुलाच्या ताब्यासाठी खेटे घालणाऱ्या बायका पाहिल्या की मला सौदामिनी आठवते. स्वतःच्या दोन मुलांसाठी घराबाहेर पडलेल्या बाईला ती भूमिका करताना वेगळं काही शिकवायला लागलं नसेल.

पण मला सांगायचंय ते या भूमिकांच्या मधल्या काळातलं. त्या वेळच्या चित्रपट कंपन्या गिरण्यांसारख्या चालायच्या. नट-नट्या, वादक, सुतार, शिंपी, सगळे महिन्याच्या पगारावर. कंपनी सांगेल ते काम, कंपनी सांगेल तो चित्रपट. दुर्गाबाईंनी ही चाकोरी मोडली. प्रभातमध्ये नाव झाल्यावर त्या कोलकात्याला गेल्या. न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा'त मीरा झाल्या, ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता'त पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर सीता झाल्या. देवकी बोस यांनी दिग्दर्शित केलेला हा 'सीता' 1934 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. नंतर मुंबईत प्रकाश पिक्चर्स, पुन्हा पुण्यात प्रभात. एका कंपनीला बांधून न घेता कामागणिक करार करणाऱ्या पहिल्या काही कलाकारांत त्यांचं नाव घेतलं जातं.

आम्ही भिवंडीकडची माणसं. आम्हाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. लूमवर पगारी कारागीर असणं वेगळं आणि स्वतः जॉबवर्क घेणं वेगळं. पगारात झोप लागते. जॉबवर्कमध्ये भाव ठरवायचा, कागद बघायचा, पैसे वसूल करायचे, काम नसेल तेव्हा घर चालवायचं, हे सगळं स्वतःच्या डोक्यावर. पदरी दोन मुलं असताना दुर्गाबाईंनी पगाराची झोप सोडली. यात मोठी जोखीम होती. पण याच वर्षांत त्यांना वेगवेगळ्या कंपन्यांची कामाची रीत, हिशेबाची रीत, माणसं वापरण्याची रीत आतून बघायला मिळाली. कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईला कॅमेऱ्यामागं काय चाललंय हे दिसतच असतं, बघायची इच्छा मात्र हवी. 1930 च्या दशकातच 'साथी' चित्रपटाच्या वेळी त्या निर्मितीतही उतरल्या. तेव्हा बाईनं निर्माती होणं म्हणजे फारच विरळा. तो चित्रपट फार मोठा ठरला नाही, पण व्यवहार काय असतो ते कळलं असणार.

1940 च्या दशकात भूमिकांचं वय बदलू लागलं. आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'त वनमाला सून आणि दुर्गाबाई छळणारी सासू. हिंदीतल्या 'चरणों की दासी'साठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघटनेनं त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. लगेच पुढं 'भरत मिलाप'मधल्या कैकेयीसाठी पुन्हा. सीता करून झालेली नटी पस्तिशी-सदतिशीत कैकेयी आणि खाष्ट सासू करायला तयार झाली, यात मला शहाणपण दिसतं. पडद्यावर पुरुष पन्नाशीतही झाडामागं पळतो, बाईला तिशीनंतर आई करतात. यावर रडण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. आई तर आई, पण ती लक्षात राहील अशी करायची. रंगभूमीवरही त्या मन लावून काम करत राहिल्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्या उभ्या राहिल्या. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'वरून वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेल्या 'राजमुकुट'मधलं त्यांचं काम तर जुने लोक अजून सांगतात.

आणि मग आलं कंपनीचं वळण. 1950 च्या दशकात दुर्गाबाईंनी 'फॅक्ट फिल्म्स' नावाची संस्था काढली. पुढं तिचंच 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' झालं. मोठे गाण्याबजावण्याचे चित्रपट काढायला नव्हे, तर छोटे चित्रपट काढायला. जाहिरातपट, लघुपट, माहितीपट.

छोटे का, याचं उत्तर मला त्या काळात सापडतं. मोठ्या कंपन्या एकेक करून कोसळत होत्या. ज्या प्रभातनं त्यांना घडवलं ती प्रभातसुद्धा 1953 च्या सुमारास बंद पडली. नट्यांनी आयुष्यभराची कमाई एका चित्रपटात घालायची, तो पडला की राहतं घर विकायचं, अशी उदाहरणं सिनेमाच्या दुनियेत ढिगानं आहेत. मोठ्या चित्रपटाचा हिशेब शेतीसारखा असतो. आधी सगळं मातीत घालायचं, मग पावसाची वाट बघायची. छोट्या चित्रपटाचा हिशेब शिवणकामासारखा. गिऱ्हाईक आधी येतं, माप देतं, आगाऊ रक्कम देतं, तारीख ठरते, कपडा दिला की बिल मिळतं. मिळकत अफाट नसते, पण घर उघड्यावर पडत नाही. एकदा डोळ्यांदेखत सासरची श्रीमंती विरघळताना पाहिलेल्या बाईनं दुसरा हिशेब निवडला तर त्यात नवल नाही, असं मला वाटतं.

काळही या कामाला अनुकूल होता. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये सरकारनं फिल्म्स डिव्हिजन सुरू केलं. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी माहितीपट आणि वार्तापट दाखवणं बंधनकारक झालं. धरणं, कारखाने, कुटुंब नियोजन, लसीकरण, कशावरही चित्रपट लागत होते. दुसरीकडं साबण, चहा, तेल, कापड विकणाऱ्या कंपन्यांना घराघरात पोचायचं होतं. टीव्ही नव्हता. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या लाखो माणसांपर्यंत जाण्याचा रस्ता म्हणजे थिएटरचा पडदा. आपल्याकडच्या टुरिंग टॉकीजच्या तंबूतसुद्धा चित्रपट सुरू व्हायच्या आधी जाहिराती लागायच्या आणि पोरं त्या तोंडपाठ म्हणायची.

जाहिरातपट बनतो कसा, हे आपल्यातल्या फार जणींना माहीत नसतं म्हणून थोडं सांगते. माल बनवणारी कंपनी जाहिरात संस्थेकडं जाते. काय सांगायचं, कोणाला सांगायचं हे ती संस्था ठरवते, शब्द लिहिते, चित्रांचा आराखडा काढते. मग प्रत्यक्ष चित्रपट बनवून देणारी निर्मिती कंपनी शोधली जाते. दुर्गाबाईंची होती ती अशी कंपनी. तिनं खर्चाचा अंदाज द्यायचा, दिग्दर्शक, कॅमेरामन, कलाकार, जागा, दिवे, कपडे, गाड्या आणि पन्नास माणसांचं जेवण, सगळं जुळवायचं. त्या काळी कच्ची फिल्म महाग, हात थोडा सैल सोडला तर नफा जमिनीवर पडलेल्या तुकड्यांत जायचा. मग संकलन, संगीत, आवाज. एकाच जाहिरातीचं हिंदी, मराठी, तमिळ, बंगाली बोलणं वेगवेगळं ध्वनिमुद्रित करायचं. थिएटरात लावायची तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र. एवढा सगळा पसारा कशासाठी, तर मिनिटभराच्या, कधी त्याहूनही छोट्या चित्रासाठी! आणि तारीख चुकवून चालत नाही. दिवाळीच्या उटण्याची जाहिरात भाऊबीजेनंतर कोण विकत घेणार?

लग्नघर ज्यांनी चालवलंय त्यांना या कामात नवीन काही वाटणार नाही. पन्नास पानांची पंगत पंचावन्न झाली तरी पुरी कमी पडू द्यायची नाही, रुसलेल्या मावशीला शांत करायचं आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. फरक इतकाच की घरात या कामाचे पैसे कुणी देत नाही.

दुर्गाबाई हे सगळं करत असताना पडद्यावरही दिसत होत्या, हे विसरायला नको. 1960 साली 'मुगल-ए-आझम' आला. बादशहा नवरा आणि बंडखोर मुलगा यांच्यात चिरडली जाणारी जोधाबाई. 'आनंद', 'बावर्ची', 'अभिमान', 'बॉबी'. 1974 च्या 'बिदाई'साठी सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार, तोही सत्तरीच्या उंबरठ्यावर. 1958 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1968 साली पद्मश्री, 1983 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती त्यांच्याच नावाचा सन्मान बोलपटातल्या तारामतीला मिळाला! पन्नास वर्षांत सुमारे दोनशे चित्रपट. त्यातले बरेच आज कुणाला आठवणार नाहीत, आणि काही भूमिका अगदीच ठोकळेबाज आहेत हेही मान्य करायला हवं. पण ठोकळेबाज आईचं काम करून आलेले पैसे आणि ओळखी ही पडद्यामागच्या कामाची पुंजीच झाली असेल.

दुःखानं मात्र त्यांची पाठ सोडली नाही. धाकटा मुलगा हरीन अकाली गेला. ज्यांच्यासाठी 1931 साली उंबरठा ओलांडला होता त्यातला एक. हरीन यांच्या पत्नी म्हणजे विजया जयवंत, आपल्या विजयाबाई मेहता. तरुणपणी सासूच्या वाट्याला जे आलं तेच सुनेच्या वाट्याला आलं. विजयाबाईंनी पुढं फारुख मेहतांशी लग्न केलं आणि रंगभूमीवर व चित्रपटात त्यांनी काय उभं केलं ते महाराष्ट्र जाणतो. एका घरातल्या या दोन बायका. मराठी नाटक-सिनेमाचा इतिहास त्यांना वगळून लिहिताच येणार नाही.

पुढं टीव्ही आला. 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, 1976 पासून दूरदर्शनवर जाहिराती दिसू लागल्या, 1982 ला चित्र रंगीत झालं. 1984 च्या 'हम लोग'नंतर प्रायोजित मालिकांचं युग सुरू झालं. म्हणजे एखादी कंपनी मालिकेचा खर्च उचलणार आणि त्या बदल्यात तिच्या मालाच्या जाहिराती मालिकेआधी आणि मध्ये लागणार. जाहिरातपटांची सवय असलेल्या निर्मिती संस्थेला हे गणित नवीन नव्हतं. थोड्या वेळात गोष्ट सांगायची, नेमून दिलेल्या पैशात सांगायची आणि ठरलेल्या दिवशी द्यायची. 'वागले की दुनिया' नीट पाहिली तर त्यातला काटकसरीपणा लक्षात येतो. दोन खोल्यांचं घर, ऑफिसातलं एक टेबल, बसचा थांबा. एवढ्यावर भाग रंगायचा. शाहरुख खानही तेव्हा नवखा होता आणि एका भागात दिसून गेला.

आता थोडं आमच्या मानकोलीबद्दल, विषय सोडून नाही. मुंबई-नाशिक महामार्गावरचं हे गाव एकेकाळी भातशेतीचं, आता गोदामांचं. टीव्हीवरच्या जाहिरातीत दिसणारा साबण, बिस्किट, मोबाईल, डायपर, सगळं आमच्या दारावरून ट्रकमधून जातं. गावातल्या मुली गोदामात पॅकिंगला जातात आणि रात्री मोबाईलवर रील बनवतात. त्यातल्या काही मला विचारतात, मावशी, सिरियलमध्ये कसं जायचं? घोडबंदर रोडला मालिकांची शूटिंग चालतात, इथून लांब नाही. आतापर्यंत सगळ्यांनी विचारलं ते चेहऱ्याच्या कामाबद्दल. प्रॉडक्शन, संकलन, वेशभूषा, लेखन, आवाज यातलं काम कुणी विचारत नाही, कारण ते काम असतं हेच माहीत नाही. एका आईनं तर मला सांगितलं, मुलीला सिनेमात घालायचं म्हणजे फोटो काढायला तीस हजार लागतात. कुणी तरी एजंट म्हणवणारा येऊन सांगून गेला होता! मी त्या माउलीला एवढंच सांगितलं, काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

दुर्गाबाईंच्या वेळी शिकायची शाळा म्हणजे कंपनीच. आज तसं नाही. ज्या आवारात प्रभातचा पुण्यातला स्टुडिओ होता तिथंच 1960 पासून सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पदवीनंतर प्रवेश परीक्षा देऊन कॅमेरा, संकलन, ध्वनी, दिग्दर्शन शिकता येतं. मुंबईत जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकवतात, जाहिरातीच्या धंद्यातले कितीतरी नामवंत चित्रकार तिथून निघाले. दोन्हीकडं जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी, हे खरंय. पण मुलीनं बारावीला असतानाच ही नावं ऐकलेली असली तर तयारीला वेळ मिळतो. ठाणे-कल्याणच्या कॉलेजांतही आता माध्यमांचे अभ्यासक्रम आहेत. प्रवेश घेण्याआधी तिथं प्रत्यक्ष कॅमेरा हाताळायला मिळतो की नुसत्याच नोट्स, तेवढं जाऊन विचारावं.

खोट्यांच्या घरात हे काम पिढ्यान् पिढ्या झिरपलेलं दिसतं. दीर नंदू खोटे रंगभूमीवरचे आणि मूकपटांतले कलाकार. त्यांची मुलं म्हणजे शुभा खोटे आणि 'शोले'तले कालिया विजू खोटे. दुर्गाबाईंचा एक नातू रवी चित्रपटाच्याच क्षेत्रात आला, तर दुसरा नातू देवेन खोटे यूटीव्ही कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. कांदेवाडीतून आलेल्या सुनेनं उंबरठा ओलांडला तेव्हा घराण्याचं नाव बुडालं म्हणणारे होते. आता ते घराणं लोकांना माहीत आहे ते या नाट्य-चित्रपटाच्या नावांमुळंच.

शेवटच्या काळात दुर्गाबाई अलिबागला राहायला गेल्या. मुंबईचा गलबला मागं ठेवून समुद्राकाठी. 1982 साली त्यांचं आत्मचरित्र आलं, 'मी, दुर्गा खोटे'. 22 सप्टेंबर 1991 रोजी त्या गेल्या. शांता गोखले यांनी आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद केला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. 2013 साली भारतीय सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा टपाल खात्यानं काढलेल्या तिकिटांत त्यांचाही चेहरा होता.

मराठी पुस्तक जुन्या ग्रंथालयांत अजून सापडतं. मागितल्यावर ग्रंथपाल आधी 'अभिनेत्री' या कप्प्यात शोधतील. तिथं नसेल तर चरित्रांच्या कपाटात बघायला सांगा.